चार मीटरच्या आत

२४ डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, तळेगावातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याची लाईन थांबली. मावळात थंडी होती, करोनाचं वर्ष संपत आलं होतं, आणि माणसांच्याच मरणाच्या बातम्या इतक्या होत्या की एका कारखान्याच्या मरणाकडे बघायला सवड कुणाला होती? तिथे तयार होणारी गाडी मात्र त्या दिवसापर्यंत धडधाकट होती. तिला मागणी होती. तिचं नाव रस्त्यारस्त्यावर माहीत होतं. फक्त ते रस्ते मेक्सिकोतले होते.

पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर ती बनायची आणि पुण्यात विकत मिळायची नाही. मुंबईत नाही, नाशकात नाही, देशात कुठेच नाही. तीन वर्षं हे असं चाललं होतं.

एरवी गाडी बंद झाली की हळहळायची आपल्याला सवय आहे. पद्मिनी गेली तेव्हा हळहळलो, २०१४ साली मारुती ८०० गेली तेव्हाही हळहळलो. त्या गाड्यांतून आपण लग्नांना गेलो, बाळंतिणीला घरी आणलं, खंबाटकीत तापलेल्या रेडिएटरवर पाणी ओतत उभे राहिलो. त्यांच्यासाठी जीव तुटला तर नवल नाही. पण जी दारात कधी उभीच राहिली नाही, जिची किल्ली टीव्हीच्या शेजारच्या खिळ्याला कधी लटकली नाही, जिच्या बॉनेटवर दसऱ्याला झेंडूची माळ पडली नाही, तिच्यासाठी हळहळायचं कसं? जिची आठवणच नाही तिचा शोक करता येतो का?

येतो. आणि तो जरा जास्तच चिवट असतो, कारण त्याला धरून ठेवायला एक जुना फोटोही नसतो.

या गाडीची थोरली बहीण आपल्या ओळखीची होती. शेव्हरोले बीट. २००७ साली न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात कंपनीने तीन चिमुकल्या गाड्या मांडल्या आणि लोकांना विचारलं, यातली कुठली बनवू? लोकांनी बीटला कौल दिला. जानेवारी २०१० मध्ये ती आपल्याकडे आली, तळेगावच्या नव्या कोऱ्या कारखान्यातून. तिच्यात एक खोडकरपणा होता. मागच्या दाराची मूठ खिडकीच्या काळ्या कोपऱ्यात लपवलेली असायची, त्यामुळे पहिल्यांदा बसायला आलेला पाहुणा दारावरून हात फिरवत राहायचा आणि आतली पोरं खिदळायची. स्टेअरिंगमागचा मीटर मोटारसायकलवरून उचलून आणल्यासारखा. २०११ साली तिला ९३६ सीसीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन मिळालं. ‘ॲव्हरेज किती देते?’ या आपल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे खणखणीत उत्तर होतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये, ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत, तिची धाकटी दिसली. नाव एसेन्शिया. बीटचाच नवा अवतार, पण मागे डिकी जोडलेली. पुढच्या वर्षी बाजारात येणार असं सांगण्यात आलं.

डिकीवाली गाडी म्हणजे काय, हे ज्या घरांनी स्कूटरवर चौघं बसून दिवस काढले त्यांना सांगायला नको. हॅचबॅक ही सोय असते. डिकी ही ऐपत असते. मे महिन्यात गावाला निघताना मागच्या सीटवर आजीच्या पायाशी पिशव्या कोंबाव्या लागत नाहीत. परतताना फणस, तांदळाची गोणी आणि आमसुलाचा डबा एकमेकांच्या अंगावर न पडता पुण्यात पोचतात. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी मान वळवून बघतात, हा फायदा कुणी बोलून दाखवत नाही, पण हप्ता भरताना तो मनात असतोच. पाच-सहा लाखांच्या हिशेबात बसणारी, छोट्या इंजिनाची, डिकी असलेली गाडी हे त्या दशकातल्या मध्यमवर्गाचं अगदी मोजूनमापून बेतलेलं स्वप्न होतं.

मोजूनमापून हे अक्षरशः. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. जी या मापात बसेल तिचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के. त्या एका ओळीने या देशातल्या गाड्यांची शरीरं बदलली. पुण्यात टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून २००८ साली इंडिगो सीएस काढली. २०१२ साली मारुतीने डिझायर कापून ३,९९५ मिलिमीटरवर आणली. पाच मिलिमीटरचं अंतर राखून! पेन्सिलीच्या जाडीएवढंही नाही. परदेशातले गाडीवाले या आखूड डिकीच्या गाड्या बघून बुचकळ्यात पडायचे. आपल्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. नाक पूर्ण, पोट पूर्ण आणि मागे येता येता कागद संपला म्हणून आवरतं घेतलेलं चित्र. त्या आवरत्या घेण्यातच आपल्या खिशाचा फायदा होता.

एसेन्शिया त्याच मापाची. तिच्या पाठीवर दिल्लीच्या अर्थखात्याची पट्टी ठेवलेली स्पष्ट दिसत होती. ती दुसऱ्या कुठल्या देशासाठी आखली असती तर तिची डिकी वीतभर तरी लांब झाली असती. तिच्या अंगावरची ती आखूड रेघ म्हणजे आपल्या देशाची सही होती.

आणि ती आपल्याला मिळाली नाही.

१८ मे २०१७ रोजी कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेर भारतातली विक्री बंद. हे आभाळातून पडलेलं संकट नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, जुलै २०१५ मध्ये, कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली होती. वर्षभरात तो बेत थंड बस्त्यात गेला. बाजारातला वाटा एक टक्क्याच्याही खाली घसरला होता. २०१६-१७ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या गाड्या २६,०००च्या आतबाहेर, आणि निर्यात ७०,०००च्या वर. ताळेबंद मांडणाऱ्याला या दोन आकड्यांपुढे फार विचार करावा लागत नाही. गाडी विकायची तर शहरोशहरी शोरूम हवं, वर्कशॉप हवं, जाहिरात हवी, गिऱ्हाइकाची किरकिर ऐकणारं माणूस हवं. नुसती बनवून जहाजावर चढवायची तर यातलं काहीच लागत नाही. लागतात ते कामगार, वीज आणि बंदर. कंपनीने आपल्यातलं गिऱ्हाईक वजा केलं आणि कामगार ठेवून घेतला.

खोटं कशाला बोला, गिऱ्हाईकही आधीच पाठ फिरवून बसलं होतं. ‘गाडी चांगली आहे हो, पण पुढे विकायला गेलं तर भाव येत नाही,’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कुणीतरी बोललेलं आहे. आपण विकत घेत नव्हतो म्हणून ते विकायचे थांबले. हिशेब दोन्हीकडून चोख आहे. त्यात दुःखाला जागा नाही, आणि तरी ते आहेच. पुढे कंपनीचा गुजरातेतला हालोलचा कारखाना दुसऱ्यांच्या हाती गेला, शोरूमवरची सोनेरी क्रॉसची पाटी उतरली. टवेरातून शिर्डीला जाणारे इनोव्हातून जाऊ लागले. तळेगावची लाईन मात्र चालू राहिली.

त्या दिवसांत एक्सप्रेसवेवर खालापूरच्या टोलनाक्याला गाड्या तुंबल्या की शेजारच्या लेनमध्ये कधी कधी तो लांबलचक ट्रेलर येऊन उभा राहायचा. बाजूच्या पत्र्याला भोकं असतात, त्यातून आत बघता येतं. दोन मजले, चाकं पट्ट्यांनी आवळलेली, बॉनेटवर पांढरी फिल्म चिकटवलेली, आरसे कानासारखे मागे दुमडलेले. सीटवरचं प्लॅस्टिक उन्हात चमकायचं. आणि मग लक्षात यायचं की काहीतरी उलटं आहे. स्टेअरिंग डावीकडे होतं. आरशात बघावं तशी ती गाडी. सगळं आपलं, फक्त बाजू बदललेली. ट्रेलरला नागालँडची नंबरपाटी, ड्रायव्हर हरियाणाकडचा, गाडी तळेगावची आणि मुक्काम मेक्सिको. तिला स्वतःला नंबरपाटी नव्हतीच. एमएच १४ च्या हद्दीत जन्मलेली गाडी एमएच १४ न होताच घाट उतरून चालली होती. नाका सुटायचा, ट्रेलर डावीकडच्या लेनमध्ये सावकाश मागे पडायचा, आणि आपण मुंबईत पोचून चहा पिईपर्यंत ती बंदरात पोचायच्या वाटेवर असायची.

मुंबईच्या या पूर्व किनाऱ्याला ही गाडी नवी नाही. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना उघडला, देशातला मोटारजोडणीचा पहिला. तेव्हा शेव्हरोले परदेशातून सुट्या भागांत यायची, लाकडी खोक्यांतून. शिवडीला जोडली जायची आणि इथल्याच रस्त्यांवर धावायची. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण असं ठरलं की नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथे गाडी बनवावी, नाहीतर गाशा गुंडाळावा. १९५४ साली त्यांनी गुंडाळला. म्हणजे पहिल्यांदा ते गेले ते इथे फक्त विकायचं होतं, बनवायचं नव्हतं म्हणून. दुसऱ्यांदा बाजार सोडला तेव्हा बनवायचं होतं, विकायचं नव्हतं. त्याच किनाऱ्यावर, नव्वद वर्षांच्या अंतराने, खोक्यांतून येणारी गाडी अख्खी होऊन निघून जाताना दिसली. दोन्ही वेळा मधले हात आपलेच होते.

समुद्रापलीकडे तिचं बरं चाललं होतं. ती मेक्सिकोत उतरली. एसेन्शिया हे नाव गळालं. तिथे ती बीट एनबी झाली, बिनडिकीची नुसती बीट. पहिली गाडी घेणाऱ्यांनी तिला उचललं, ॲपवरच्या टॅक्सीवाल्यांनी उचललं, आणि बघता बघता ती तिथल्या सर्वाधिक खपाच्या गाड्यांत जाऊन बसली. मेक्सिको सिटीच्या विमानतळावर एखादा टॅक्सीवाला मोठी सूटकेस डिकीत बसवताना ती आडवी करून बघत असेल, उभी करून बघत असेल, आणि मनातल्या मनात गाडी आखणाऱ्याला शिव्या देत असेल. त्याला काय माहीत की ती जागा कुणी चोरली! मेक्सिकोत चार मीटरचा कायदा नाही. तिथल्या सूटकेसला आपल्या अर्थसंकल्पातली एक ओळ आडवी येत होती.

मला या गाडीच्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. तिने आपला नियम अंगावर घेतला आणि त्याची सवलत मात्र कुणालाच मिळाली नाही. आपल्याला नाही, कारण गाडी आली नाही. त्यांना नाही, कारण त्यांच्याकडे तसा करच नव्हता. आखूड डिकीची किंमत त्यांनी मोजली, ज्या मापासाठी ती मोजली ते माप आपलं.

ही एकटीच अशी नाही. फोर्डची इकोस्पोर्ट चेन्नईजवळ बनून अमेरिकेत जायची, तिथे तिला दोन लिटरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद मिळायची; आपल्या इकोस्पोर्टला चारही चाकांची ती ताकद कधी मिळाली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथली विक्री आवरली, तरी निर्यातीसाठी चेन्नईची लाईन पुढे काही महिने चालतच होती. गुजरातेत बनणारी मारुती सुझुकीची फ्रॉन्क्स २०२४ साली जपानला गेली ती दीड लिटरचं इंजिन घेऊन, हवं तर चार चाकी ताकदीसह, आणि पुढच्या गाडीचं अंतर ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेसह. इथली फ्रॉन्क्स त्याशिवाय चालते.

आणि जिम्नी! तीन दारांची ती ठेंगणी, चौकोनी, डोंगरात रमणारी जिम्नी फेब्रुवारी २०२० मध्ये ऑटो एक्स्पोत ठेवली तेव्हा जिप्सीवर जीव जडलेल्या पिढीला हुरूप आला होता. जानेवारी २०२१ मध्ये ती गुरुग्राममध्ये बनू लागली. १८४ गाड्यांचा पहिला जथा मुंद्रा बंदरातून निघाला तो दक्षिण अमेरिकेकडे. आपल्याला जून २०२३ मध्ये पाच दारांची मिळाली. तीन दारांची आजही फक्त बाहेर जाते. गंमत अशी की आपण जिच्याकडे ‘हीच का, ती का नाही?’ म्हणून नाक मुरडलं ती पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानात जाहीर झाली, आणि चारपाच दिवसांत ५०,००० जणांनी नोंदणी केली म्हणून सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली. गुरुग्रामहून येणाऱ्या गाडीसाठी टोकियोत माणसं ताटकळली. हव्यासाला पासपोर्ट लागत नाही. दुसऱ्याच्या अंगणातली गाडी सगळीकडेच देखणी दिसते.

पण एसेन्शियाचं दुखणं हव्यासाचं नाही. निर्यातीला जाणाऱ्या मालाबद्दलची कुरकुर आपल्याकडे जुनी आहे. रत्नागिरीत पेटी उघडताना बागायतदार सहज सांगून जातो की मोठा, एकसारखा माल दुबईला गेला. तरी खिसा सैल केला तर तो हापूस आपल्यालाही चाखता येतो. ही गाडी कितीही पैसे टाकले तरी येत नव्हती. आणायची म्हटलं तर आपलाच नियम आडवा: आयात होणाऱ्या नव्या गाडीचं स्टेअरिंग उजवीकडे हवं. म्हणजे मावळात बनलेली गाडी मावळात परत येऊ शकत नव्हती. एकदा घाट उतरली की दार बंद.

आणि हे सगळं घडलं ते तळेगावात. या गावाची एक जुनी ओळख आहे. १९०८ साली इथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. गावोगाव फिरून माणशी एकेक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा ही अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं. ज्याने पैसा टाकला त्याच्याच घरात त्या काचेची चिमणी कंदिलावर बसावी, असा तो हिशेब होता. बनवणारा, घेणारा आणि अभिमान बाळगणारा एकाच रांगेत. शंभर वर्षांनी त्याच गावात, त्याहून कितीतरी मोठ्या छपराखाली, कितीतरी गुंतागुंतीची वस्तू बनू लागली. कौशल्य आलं. पगार आला. चाकण, वडगाव, कामशेतच्या पोरांना कंपनीच्या बसमधली खिडकी आली. त्या रांगेतला घेणारा तेवढा निघून गेला, आणि तो गेल्यावर बाकीचे दोघे किती पोरके होतात हे कुणाच्या लवकर ध्यानात आलं नाही.

कारण ज्याचं गिऱ्हाईक दूर असतं त्याचा कारखाना बंद पडताना गावात ओरड होत नाही. इथल्या शोरूमला कुलूप लागत नाही, कुणाचं बुकिंग अडकत नाही, पुढच्या पाडव्याला गाडी मिळणार नाही म्हणून कुणी हिरमुसत नाही. तळेगावची लाईन थांबली तेव्हा तुटवडा मेक्सिकोत झाला. इथे झाले ते बेकार. हजारावर कामगार. चिनी ग्रेट वॉल कंपनी कारखाना घेणार होती. जानेवारी २०२० मध्ये करारही झाला. एप्रिलमध्ये केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला परवानगीची अट घातली, परवानगी आली नाही, आणि २०२२ मध्ये तो करार मिटला. मधल्या काळात ‘नवी कंपनी आली तर आपल्याला घेईल का?’ हा एकच प्रश्न घेऊन माणसं युनियनच्या बैठकीला, कोर्टाच्या तारखेला, उपोषणाच्या मांडवात बसत राहिली. मेक्सिकोच्या रस्त्यांवर तोवर त्यांच्या हातच्या गाड्या निमूट धावत होत्या. पुढे तिथे शेव्हरोलेचीच नवी छोटी सेडान आली. ती चीनमधून येते.

आता त्या छपराखाली ह्युंदाई आहे. २०२३ मध्ये करार झाला, २०२५ मध्ये लाईन पुन्हा हलली, आणि नवी व्हेन्यू तिथून बाहेर पडू लागली. तिचं स्टेअरिंग उजवीकडे आहे. ती शोरूममध्ये जाऊन बुक करता येते, तिला एमएच १४ ची पाटी लागते. आणि लांबी? ३,९९५ मिलिमीटर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के झाले, पण मोजपट्टी तीच राहिली. कंपन्या आल्या, गेल्या, सरकारं बदलली. चार मीटरचा दगड जागचा हलला नाही.

तेव्हा तळेगावचं भलं झालं, असं म्हणून विषय मिटवता येईल. ज्यांची पस्तिशी त्या बंद गेटपाशी गेली त्यांना मात्र ते असं मिटवता यायचं नाही.

एसेन्शिया महाराष्ट्रात कुणाच्या नावावर नाही. जुन्या बाजारात ती मिळायची नाही, कुणा आजोबांच्या अल्बममध्ये ती सापडायची नाही. पण तिच्या डाव्या बाजूच्या डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा कनेक्टर बसल्याची टिक ऐकलेली माणसं वडगावात आहेत, इंदोरीत आहेत. डिकीचं झाकण बसवताना कुठल्या कोपऱ्यावर तळहाताने जरा दाबावं लागतं हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. एकाही मालकाला ती इतकी आतून माहीत नव्हती. तिचं सुतक कुणी धरायचं हा प्रश्न पडलाच तर उत्तर तिथे आहे. सुतक नात्याने लागतं; त्याला सातबारा लागत नाही, आरसी बुकही लागत नाही.